चुलीजवळची धाबळी

सूनबाईच्या पदराला चुलीचा जाळ लागला तो वीतभरच. आमच्या हिने परातीतले पाणी ओतून विझवला, पोरीला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून ती चुलीपुढे बसेना. लाकूड सारायचे तरी लांबूनच, मान वळवून. आठवड्याने माहेरी चिठ्ठी जाईल आणि मग लोक काय म्हणतील, याचा हिला घोर.

मला मात्र वेगळाच किडा चावला. आमची अक्का, माझी थोरली विधवा बहीण, जन्मभर सोवळ्यातली लोकरीची धाबळी नेसून त्याच चुलीपुढे बसते. तिला कधी काही कसे झाले नाही?

ठाण्याच्या कचेरीत मी कागद नकलून काढतो, तेवढीच माझी विद्या. तरी रविवारी मागच्या अंगणात शेगडी मांडली आणि चिमट्यात चिंध्या धरून बसलो. ही सोप्यावरून म्हणाली, "अहो, आज कोणाचे श्राद्ध?"

जुन्या लुगड्याचा सुती तुकडा भुर्रकन गेला. पीतांबराची चिंधी आक्रसली, केस जळल्यासारखा वास सुटला आणि विस्तवापासून दूर नेताच ती विझली. लोकर हवी होती. अक्काची धाबळी मागितली, तर कपडे वाळतात त्या वळणीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हात लावून बघ, मग मीही बघते." शेवटी घोंगडीचा कोपरा कापला. तो नुसता धुमसला, काळा पडला, पेटेना!

"पाहिलंत?" मी घराकडे वळून ओरडलो. सूनबाईही दारात येऊन उभी होती, किती दिवसांनी विस्तवाकडे टक लावून.

"मामंजी, सोगा!" तीच किंचाळली.

माझ्या धोतराचा सोगा मागे शेगडीत पडला होता. आता शहाण्या माणसाने जागीच बसावे की नाही? मी धावलो. धावल्याने जाळ वाऱ्यावर आला आणि माझ्या पाठोपाठ अंगणभर फिरू लागला.

नुकतीच न्हाऊन सोवळ्यात असलेल्या अक्काने वळणीवरची दुसरी धाबळी ओढली आणि मला तिच्यात गुंडाळून, गच्च कवटाळून खाली पाडले; जाळ गुदमरून विझला. पन्नाशीच्या या माणसाला पोटरीवर दोन फोड आले, आणि अक्काला पुन्हा आंघोळ घडली.

"म्हसोबा कुठला," ती धापा टाकत म्हणाली. "पेटल्यावर पळतात होय रे?"

मी म्हटले, "अक्का, धाबळी बाटली."

"बाटलीच. मग आता कामाला तरी येऊ दे."

संध्याकाळी तिने चुलीपासून हातभर दूर खुंटी ठोकायला लावली आणि ती धाबळी तिथे टांगली. कोणीही हात लावावा, विचारू नये, असे स्वतः बजावले. चाळीस वर्षांत अक्काने सोवळे सैल केलेले मी तेवढेच पाहिले.

सूनबाईने आधी खुंटीपर्यंत हात पुरतो का ते बसल्या जागेवरून पाहिले. पुरला. मग पदर घट्ट कमरेला खोचून तिने चुलीत लाकूड सारले, सरळ समोर बघत.

मी कुतूहलाने जवळ सरकलो.

"मामंजी," ती वळूनही न बघता म्हणाली, "सोगा."