एका वेळी एकच गाडी

उजव्या हाताची तर्जनी वर करून ते आधी घड्याळाकडे बघायचे, मग आपल्याकडे, आणि म्हणायचे, "एका वेळी एकच गाडी." आवाज चढवायचे नाहीत. तरी एकदम बोलणारी सहा माणसं गप्प व्हायची, आणि त्या सहांत बहुतेक वेळा मी असायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, निवृत्त झाली तरी ज्यांच्या विजारीची इस्त्री निवृत्त होत नाही. आम्ही त्यांना मेजर म्हणायचो. कऱ्हाडकडचे. सैन्याच्या इंजिनिअर दलात आयुष्य गेलं, नद्यांवर तात्पुरते पूल टाकण्यात. त्या पुलांच्या तोंडाशी म्हणे हीच पाटी असायची. दोन गाड्या एकदम चढल्या तर पूल जातो, आणि मेजरांच्या मते सभेचंही तेच होतं. निवृत्तीनंतर ते ओमानात एका कंत्राटदाराकडे आले. इथल्या नद्यांना वादी म्हणतात. वर्षभर त्यांत वाळू असते आणि एखाद्या दिवशी पूर. त्या एका दिवसासाठी मेजर वर्षभर पूल बांधत.

सभेचे नियम लिहिण्याचं वेड त्यांना ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला लागलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथल्या मराठी लोकांनी, सैन्यातला माणूस म्हणून, यांना एका सभेचं अध्यक्ष केलं. विषय एकच होता, सहल कुठे न्यायची. यांना वाटलं, हुकूम देणं आणि सभा चालवणं एकच. तीन तासांनी सभा संपली तेव्हा ठराव शून्य होता, आणि पुढच्या शुक्रवारी एकाच गावात तीन नारळाच्या बागांत तीन सहली गेल्या. मेजरांना तिन्हींचं आमंत्रण होतं. ते खोलीवर बसून राहिले.

"तेवढ्या वेळात मी पूल टाकला असता," ते सांगायचे. "रणगाडा गेला असता वरून."

मग त्यांची मस्कतला बदली झाली आणि ते आमच्या तावडीत सापडले. आमच्या मंडळाची कार्यकारिणी मस्कतच्या बौशर भागात एका दुकानाच्या वरच्या खोलीत जमायची. मी चिटणीस. चिटणीस कसा झालो, तर निवडणुकीच्या दिवशी आलो नव्हतो. मेजर पहिल्यांदा सभेला आले त्या दिवशी आम्ही नाश्त्याला इडली की उपमा यावर पावणेदोन तास बोललो आणि ठराव झाला तो पार्किंगबद्दल. मेजर कोपऱ्यात बसून ऐकत होते. पंधरा दिवसांनी त्यांनी प्रत्येकाच्या हातात स्पायरल बाइंडिंगची एक वही ठेवली. आत एकवीस नियम. आम्ही त्या वह्या इतक्या घाबरून घेतल्या, की पुढच्याच निवडणुकीत त्यांना अध्यक्ष करून टाकलं.

नियमांइतकंच महत्त्व पाणसळीला होतं. फरशी सपाट बसली का हे बघायला गवंडी वापरतात ती पट्टी, मधल्या नळीत हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली. सभा सुरू होताना मेजर ती टेबलावर ठेवायचे. बुडबुडा बरोबर मधे आला, की म्हणायचे, "सपाट. करा सुरू." पुढे ज्याच्या हातात पाणसळ त्यानेच बोलायचं, तेही दोन मिनिटं. सभेला ते नेहमी पंधरा मिनिटं आधी यायचे. एकदा मीही लवकर पोचलो, तर मेजर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेलेले. मला बघून बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "पेन पडलं."

हे वेड माझ्या घरीही शिरलं. आमचा मुलगा इथल्या शाळेत शिकणारा, मराठी बोलायचं म्हटलं की वाक्याच्या मध्यावर थांबून दम खाणारा. पण एका रात्री जेवताना मी त्याच्या गणिताच्या मार्कांवर बोलत असताना त्याने एक बोट वर केलं आणि एका दमात म्हणाला, "बाबा, तुझी दोन मिनिटं झाली." बायकोने त्याला जास्तीचा गुलाबजाम वाढला.

ओमानात गुरुवार-शुक्रवारची सुट्टी जाऊन शुक्रवार-शनिवारची झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं स्नेहसंमेलन इतकी वर्षं शुक्रवारी व्हायचं, एका शाळेच्या हॉलमध्ये. तिथलं स्टेज घरातल्या पलंगापेक्षा थोडं मोठं. सबनीस म्हणून आमचे एक उत्साही सदस्य होते. त्यांनी मांडलं, की आता शनिवार मोकळा मिळतोय तर बौशरमधल्या नव्या हॉटेलचा हॉल घेऊ, त्यांच्याकडे शनिवारच मोकळे आहेत. स्टेज मोठं, एसी जोरात. मुद्दा चांगला होता.

अडचण होती दत्तारामची. दत्ताराम गुहागरकडचा, मस्कतपासून लांब आत असलेल्या इब्रा गावातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. अकरा वर्षं तो तिथली कोकणातली माणसं घेऊन यायचा आणि संमेलनात जाखडी नाचवायचा. पायांत चाळ, मधे ढोलकी, भोवती गोल. खरं सांगायचं तर आमच्या संमेलनात बघण्यासारखं तेवढंच असायचं, बाकी आमचीच भाषणं. गॅरेजला सुट्टी फक्त शुक्रवारी. आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीत तो व्हिसा रद्द करून कायमचा घरी जाणार होता. मेजरांच्या कंपनीची यंत्रं त्याच्याच गॅरेजमध्ये दुरुस्त व्हायची, म्हणून ते त्याला चांगले ओळखायचे.

ठराव मताला आला. नियमाप्रमाणे अध्यक्षांना मत नाही आणि उपाध्यक्ष कांबळे मॅडमनाही नाही. अध्यक्षांना बाजू घेऊन बोलायचीही परवानगी नाही. मेजर पाणसळीकडे बघत बसले होते. "शनिवारच्या बाजूचे हात," मॅडम म्हणाल्या. नेमका त्याच क्षणी दारात चहावाला आला. मला मधुमेह. मी हात वर करून त्याला खूण केली, माझा बिनसाखरेचा.

आठ विरुद्ध सहा. शनिवार.

मी म्हटलं, अहो, तो हात चहाचा होता. मॅडमनी वही उघडून नियम नऊ वाचला. वर गेलेला हात म्हणजे मत, परत घेता येणार नाही. कांबळे मॅडम पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. एकवीसही नियम शेवटपर्यंत वाचलेल्या मंडळातल्या त्या एकट्याच. इतिवृत्तात मी स्वतःच्याच हाताने लिहिलं, चिटणीस शनिवारच्या बाजूने.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मेजर आमच्या घरी आले. न कळवता ते कुठे जात नसत, म्हणून मी बनियनवरून शर्ट चढवेपर्यंत बायकोने पोहे टाकले. मेजर बसले, हवेबद्दल बोलले आणि मग मला नियम चौदा समजावून सांगू लागले.

"झालेला ठराव पुन्हा उघडता येतो, चिटणीस. पण ते मागायचं कुणी? जिंकलेल्या बाजूला ज्याने मत दिलं, त्यानेच. हरलेला तर रोजच मागेल. जिंकलेल्याला वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, सुंदर नियम आहे. त्यांनी पोहे खाल्ले आणि नियम पुन्हा सांगितला. या वेळी पुलाचं उदाहरण देऊन. मी म्हटलं, फारच विचार केलाय तुम्ही. चहा झाल्यावर त्यांनी तो तिसऱ्यांदा सांगितला, आणि दारात चप्पल घालताना म्हणाले, "अध्यक्षाने कुणाला काही सुचवायचं नसतं. नियम सहा. म्हणून मी काही सुचवत नाही."

दार लावून मी बायकोला म्हटलं, मेजर आता थकले, एकच गोष्ट तीनदा सांगतात.

"तुम्हाला कळलं का ते कशाला आले होते?"

"नियम समजवायला."

"अहो, तुम्ही शनिवारवाले आहात. कागदावर. त्या सबनीसच्या सात जणांपैकी कोणी मागणार आहे का? साऱ्या मंडळात हे मागू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो बनियनवर शर्ट उलटा घालून बसलाय."

मी शर्ट बघितला. तिचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं.

पुढच्या सभेत मी पाणसळ हातात घेतली आणि ठराव पुन्हा उघडण्याची मागणी केली. सबनीस हसले. त्यांचा हिशेब माझ्या आधीच झाला होता. मी फुटलो तर सात-सात, आणि समसमान झालं की जुना निर्णय कायम. हाही मेजरांचाच नियम. म्हणजे मी शौर्य दाखवून काही होणार नव्हतं.

तेव्हा मेजर उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी कांबळे मॅडमपुढे ठेवलं. खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून आले आणि आमच्यातल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

सबनिसांचं हसणं गेलं. "मेजर, नियम सतरा माहितेय ना?"

"मीच लिहिलाय."

नियम सतरा असा, की बाजू घेण्यासाठी जो अध्यक्ष खुर्चीवरून उतरेल, त्याने त्या मुदतीत पुन्हा खुर्चीवर बसायचं नाही. त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता. रविवारच्या सभेसाठी ते गुरुवारीच दाढीचं सामान धुऊन ठेवायचे, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

मी पाणसळ त्यांच्या हातात दिली. आणि तुम्हाला सांगतो, इतकं वाईट भाषण मी जन्मात ऐकलं नाही. दुसऱ्यांना दोन मिनिटांत बसवणाऱ्या या माणसाने पहिली पावणेदोन मिनिटं रोड रोलरच्या गिअरबॉक्सवर घालवली. तो इब्राला कसा नेला, सुटा भाग कसा मिळेना, दत्तारामने तो लेथवर कसा घडवला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, घाईघाईत म्हणाले, "तर तेव्हा मी त्याला यंदाच्या नाचाचं विचारलं, तर दत्ताराम म्हणाला की"

कांबळे मॅडमनी बोट वर केलं. "मेजर, वेळ झाली."

मेजरांनी तोंड मिटलं. पाणसळ टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. इतिवृत्तात मी ते वाक्य तसंच लिहिलं, "म्हणाला की" इथपर्यंत, आणि पूर्णविराम दिला नाही.

मतं झाली. आता मेजरांनाही मत होतं. आठ विरुद्ध सात. शुक्रवार.

संमेलनाला इब्राहून बारा जण आले. ते त्या स्टेजवर मावणार नव्हतेच. मेजरांनी हॉलच्या मधल्या खुर्च्या हलवल्या, पावलांनी गोल मोजला, खडूने आखला. दत्ताराम घामाने निथळेपर्यंत नाचला. अर्ध्या तासाने त्या गोलात सबनीसही होते, सिल्कच्या झब्ब्यात, डावा-उजवा पाय चुकवत. नंतर ते सगळ्यांना सांगत होते, हॉटेलच्या हॉलमध्ये ही मजा आली नसती. मेजर दाराशी उभे राहून लोकांच्या चपला ओळीत लावत होते.

नंतरची दोन वर्षं मेजर साधे सदस्य म्हणून सभेला आले. मुदत संपल्यावर आम्ही पुन्हा अध्यक्ष व्हा म्हटलं, तर नको म्हणाले. साधे सदस्य म्हणून ते अगदी वाईट होते. मधे बोलायचे, विषय सोडायचे. कांबळे मॅडम बोट वर करायच्या, "एका वेळी एकच गाडी, मेजर," आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू स्वतः बांधलेल्या पुलावरून पहिल्यांदा गाडीत बसून चाललेत. पंधरा मिनिटं आधी यायचं मात्र सोडलं नाही.

मग कंपनीचं काम खलास झालं आणि तेही निघाले. त्यांच्या इमारतीखाली आम्ही सगळे जमलो आणि सवयीप्रमाणे एकदम बोलू लागलो. त्यांनी बोट वर केलं. आम्ही गप्प झालो, आणि मग कुणालाच आपली पाळी घेता येईना. शेवटी मीच विचारलं, दत्ताराम त्या वेळी काय म्हणाला होता?

"तो विषय संपलाय, चिटणीस."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"म्हणाला, सायेब, एका वेळी एकच गाडी, बरोबर हाय. पन आमच्या गाडीचा नंबर कदी?"

आणि त्यांनी मला त्यांची स्वतःची नियमांची वही दिली. शेवटच्या पानावर पेन्सिलने बाविसावा नियम होता. कार्यकारिणीत इब्राचा एक माणूस घ्यावा. पहिलं बोलणं त्याचं.

कांबळे मॅडमनी तो मंजूर करून घेतला. सभा शुक्रवारी ठेवली. इब्राहून दत्तारामच्या गॅरेजमधला बाबू आला, वेल्डर, दीड-दोन तासांची वाट तुडवून. मॅडमनी पाणसळ त्याच्या हातात दिली. आम्ही सगळे पुढे वाकून बसलो. सबनीसदेखील. बाबूने पाणसळ उलटीसुलटी करून बघितली, टेबलावर ठेवली, खाली वाकून डोळा बारीक केला आणि म्हणाला, "टेबल वाकडा हाय."

आम्ही बघितलं. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मेजर गेल्यापासून पाणसळ आम्ही नेमाने ठेवत होतो, पण बुडबुड्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मी टेबलाखाली वाकलो. डावा पाय आखूड होता, आणि तो काही आजच आखूड झाला नसणार. त्याच्याखाली काहीच नव्हतं. त्याच्याखालची घडी झाडणारा दर खेपेला केरात काढत असणार, आणि कुणीतरी ती दर खेपेला पुन्हा घालत आलं होतं, पंधरा मिनिटं आधी येऊन, गुडघ्यांवर बसून.

इतिवृत्ताच्या वहीचं एक कोरं पान फाडून मी चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवलं.

"आजून एक घडी," वरून बाबूचा आवाज आला.

मी आणखी एक घडी घातली.

"हां," बाबू म्हणाला. "आता बोलतो."