काकाजींचा फोकस

आमच्या घरात सारस पक्ष्यांच्या उड्डाणाचा एकच व्हिडिओ आहे, आणि त्यात माझ्या काकाजींचे दात फार छान आले आहेत.

हा व्हिडिओ मी काढला. म्हणजे तो निघाला तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता, एवढं नक्की.

त्या वर्षी सारसाच्या जोडीनं आमच्या धानाच्या बांधीत, पाणी साचलेल्या खाचरात, घरटं केलं. बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. घरट्याभोवतीचा धान त्यांनी कोणाला कापू दिला नाही. एक पिल्लू निघालं. बाबूजी दिवसभर शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून ते राखायचे, कुत्रं दिसलं की काठी घेऊन धावायचे. असेच एकदा धावले, ओल्या धुऱ्यावरून घसरले आणि पाय मोडून बसले. प्लास्टर मांडीपर्यंत. इकडे पिल्लू उडायला आलेलं. एकदा उडालं की तिघंही नदीकडे निघून जाणार, आणि बाबूजी खाटेवर आढ्याकडे बघत पडलेले. मी शनिवारी गोंदियाहून घरी गेलो, तर त्यांनी माझी खुशालीसुद्धा विचारली नाही.

"पिल्लू उडलं का गा?"

"नाही अजून."

"मले पाह्यचं होतं त्याले उडताना," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

कोणाचं दुःख बघवलं नाही की मी बढाई मारतो, हा जुना आजार आहे. म्हणालो, "बाबूजी, मी शूटिंग करून आणतो. एकेक पीस मोजून घ्या."

कॅमेरा नवाच होता. नवेगाव बांधाच्या तलावावर जाऊन मी त्यानं भरपूर आकाश टिपलं होतं (दर वेळी पक्षी नुकताच तिथून गेलेला असायचा). मग मोबाइलवर बघून अभ्यास केला. सेकंदाला साठ फ्रेम, शटर त्याच्या दुप्पट वेगानं, फोकस सतत चालू, आणि आकाशापुढे पक्षी काळा दिसू नये म्हणून उजेड थोडा वाढवून. सगळं तोंडपाठ. फक्त सरावाला उडणारं काहीतरी हवं होतं. मी मायला म्हटलं, "एक कोंबडी माळ्यावरून सोड."

"काऊन?"

"ती उडेल. मी कॅमेरा तिच्यामागे फिरवीन."

मायनं कोंबडी सोडली. कोंबडी सरळ खाली आली आणि दाणे टिपू लागली. व्हिडिओत मायचे हात तेवढे आले.

"अजून एकदा सोड."

"थे अंडे देनं बंद करंल. तू कावळ्यायचं काढ."

रविवारी पहाटे मी काकाजींना घेऊन शेतावर गेलो. काकाजी म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ. पीक उभं असलं की ते रानडुकरं हाकलायला शेतावरच मुक्काम ठोकतात, आणि बॅटरीचा एक भला मोठा दिवा त्यांच्या गळ्यात कायम लटकत असतो. तेव्हा पीक निघालं होतं, पण दिवा गळ्यातच होता. आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, तिघं सारस उभे होते. दाट धुकं, नीट उजाडलेलंही नाही. मी तळ्याकाठच्या पाळीवर पालथा पडलो.

"काकाजी, हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मी कायले बोलू? तूच बोलून राहिला."

स्क्रीनवर पाहतो तर नुसता कापूस. धुक्यात कॅमेऱ्याला पक्षी धरताच येईना. मी घायकुतीला येऊन पुटपुटलो, "अरे, फोकस... फोकस..."

"फोकस?" काकाजींनी मागून विचारलं.

"हो ना, फोकसच पाहिजे आता!"

इथं एक खुलासा करायला हवा. डुकरांवर मारायच्या त्या दिव्याला आमच्या गावात फोकस म्हणतात. लहानपणापासून मीही तेच म्हणत आलो. पण व्हिडिओ बघून बघून मी इतका हुशार झालो होतो की ते साफ विसरलो. काकाजींनी मात्र पुतण्याचा शब्द खाली पडू दिला नाही. त्यांनी फोकस मारला.

सगळी बोडी लख्ख उजळली. सारसांनी माना वर केल्या, ओरडून शिवार दणाणून सोडलं, पाण्यातून धावत सुटले आणि उठले. नर, मादी आणि त्यांच्यामागे, पाय लोंबकळत का होईना, पिल्लू! तिघं आमच्या डोक्यावरून गेले. मीही शिकल्याप्रमाणे कॅमेरा त्यांच्याबरोबर गर्रकन फिरवला. मागे काकाजी तोंड उघडं टाकून वर पाहत उभे होते. आदल्या आठवड्यात मी भाचीचा वाढदिवस काढला होता, आणि माणसाचा चेहरा शोधून धरायची सेटिंग तशीच राहिली होती. कॅमेऱ्याला काकाजी सापडले. मग त्याला जगातल्या कुठल्याही पक्ष्यात रस उरला नाही.

"आलं का गा?" काकाजींनी विचारलं.

"तुम्ही आलात," मी म्हणालो.

कॅमेरा बंद पडला असं घरी सांगणार होतो. पण बाबूजी भिंतीला टेकून, चष्मा पुसून तयार बसले होते. नाइलाजानं टीव्हीला जोडला. पडद्यावर काकाजी उगवले. मिशीचा केस न् केस वेगळा, तंबाखूच्या खर्ऱ्यानं रंगलेले दात एकेक मोजून घ्यावेत असे. कानामागे तीन राखाडी डाग सरकत गेले.

"हा कायचा सारस?" माय म्हणाली. "हे तं भाऊजी होत."

मी मान खाली घातली. बाबूजींनी खाटेशेजारची काठी उचलली. मग म्हणाले, "मांगं घे."

मी मागे घेतलं. त्यांनी काठीचं टोक काकाजींच्या कानामागे नेलं. "एक... दोन..." काठी जरा थांबली. "अन् हा लहानसा. तीन. उडलं ना गा!"

"उडलं," काकाजी म्हणाले. "मी फोकस मारला तवाच उडलं."

बाबूजींनी चष्मा काढून पुन्हा पुसला, आणि जेवण होईपर्यंत तो व्हिडिओ बंद करू दिला नाही.

आता बाबूजी नाहीत. त्यांची फार आठवण येते. घरी गेलो की माय म्हणते, "तो भाऊजीवाला सारस लाव," आणि काकाजींच्या कानामागे बोट नेऊन तिघं मोजते. त्यानंतर मी कितीतरी वेळा पक्षी टिपायला गेलो. दर वेळी कोणीतरी गुराखी फार स्पष्ट येतो. मित्र विचारतात, ती चेहऱ्याची सेटिंग तू अजून का बदलत नाहीस? मी सांगतो, बाबूजींची आठवण म्हणून. ऐकून त्यांचे डोळे पाणावतात, त्यामुळे ती सेटिंग बंद कुठून होते हे मला अजून सापडलेलं नाही, एवढं सांगायचं राहूनच जातं.