वर्षाराणीसमोर कोण बसणार?

आमच्या कसबा बावड्यात ऑइल पेंटमधलं चित्र म्हणजे माणूस गेलेला. हॉलात फ्रेम, फ्रेमला हार, म्होरं उदबत्ती. त्यामुळं शेजारची वर्षाराणी दारोदार विचारत सुटली, "माझ्यासमोर कोण बसतंय का, चेहरा काढायचाय," तवा बायकांनी दारं लावून घेतली. तिचा नवरा सम्राट तर म्हणाला, मला एवढ्यात भिंतीवर जायचं न्हाय.

वर्षाराणी ब्लाऊज शिवणारी बाई. चाळिशी गाठली आणि हिच्या डोक्यात चित्रकलेचं खूळ शिरलं. दर रविवारी शहरात एका सरांकडं शिकायला जायची. गेलेल्या माणसांचे फोटो बघून असे चेहरे काढायची की लोक वा वा करायचे. सर मात्र म्हणाले, ही फोटोची नक्कल झाली. जितं माणूस समोर बसवून काढल्याबिगर तुला चेहरा कळणार न्हाय. तिनं ते लई मनाला लावून घेतलं. मला तिची जिद्द आवडली. म्हटलं, मला बसीव. मी शालूबाई, दोन म्हशी, एक ल्योक, आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

बसणं सोपं वाटलं व्हय? मान आखडती, नाकावर माशी बसली तरी हलायचं न्हाय. खोलीभर रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाचा वास. ही एक डोळा मिटून बघायची, बाजारात म्हशीची पारख करत्यात तशी. पहिल्यांदा माझं थोबाड विटेगत लाल केलं. मग गालाला हिरवा लावला. म्या भांडण काढलं. तिनं गुमान आरसा हातात दिला. माझ्या हिरव्या लुगड्याचा रंग हनुवटीवरनं गालाकडं चढलेला खरंच दिसत होता. एवढी वर्षं तोंड माझंच, पर मला ठावं नव्हतं.

एक डोळा तेवढा काढायचा राह्यला आणि मला न्युमोनिया झाला. दवाखान्यात भरती केलं. माझा ल्योक विजयसिंह थेट तिच्या दारात गेला. माझ्या आईला खाल्लीस म्हणून बोंबलला, ते चित्र पंचगंगेत नेऊन टाक म्हणाला. सम्राटनं चित्र उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि बायकोला सांगितलं, बास आता, मशीनवर बस. गल्ली सगळी त्या दोघांच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी दवाखान्यात आली, रडून डोळे सुजलेले. विजयसिंह तिला आत सोडंना. माझ्या अंगात ताकद नव्हती, पर राग लई होता. तिला आत बोलावलं आणि त्याच्या देखत सांगितलं, "माझं मरण तुझ्या ब्रशात न्हाय गं. डोळा राह्यलाय न्हवं, त्यो काढ."

मला घरी सोडलं तवा गाल पार आत गेलते. विजयसिंहचं म्हणणं, काढतीयासच तर पहिले भरलेले गाल ऱ्हाऊ देत, बरे दिसत्यात. तिनं त्याच्या समोरच पहिल्या गालांचा रंग पात्यानं खरवडला आणि माझी ही खप्पड गालफडं काढली. सम्राटला म्हणाली, मशीनबी चालंल आणि हेबी चालंल.

चित्र माझ्या हॉलात लागलंय, बिनहाराचं. पावणं येत्यात, सवयीनं हात जोडत्यात आणि मग माझ्याच हातचा च्या पित्यात.

परवा विजयसिंह त्याच्या गेलेल्या बापाचा फोटो घेऊन तिच्याकडं गेला, माझ्यासंगं. असलंच एक काढून द्या म्हणाला. ती म्हणाली, "त्यांचा फोटो हाय की घरात. तू बस."

गडी माझ्याकडं बघायला लागला. म्या तोंड फिरवलं. शेवटी बसला, खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून, कपाळावर घाम. म्हणाला, वहिनी, जरा रुबाबदार काढा.

तिनं भ्यालेलाच काढला.