मामांचा पक्का लाल

कर्जतच्या पेठेत आजवर जितकी माणसं रुसली असतील त्या सगळ्यांचे रुसवे तराजूच्या एका पारड्यात घातले आणि दुसऱ्यात आमच्या लोकरवाल्या मामांचा एकट्याचा रुसवा ठेवला, तरी मामांचंच पारडं जमिनीला टेकेल. मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा त्या रुसव्याला तीन वर्षं झाली होती. पाणी कोणत्या विहिरीवर भरायचं, धुणं कुठे न्यायचं, हे नव्या सुनेला सांगताना पेठेतल्या बायका त्याच दमात सांगायच्या, "आणि मामांच्या दुकानात बसशील तर खालापूरचं नाव काढू नको हो बाई." झाली का पंचाईत! माझं माहेरच खालापूरचं.

मामा माझ्या सासूबाईंचे मानलेले भाऊ. तसे ते निम्म्या पेठेचेच मानलेले भाऊ होते. भाऊबीजेला ओवाळून घेता घेता त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाला थर चढायचा. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं लोकरीचं दुकान, मागे पडवी, आणि परसात चुलवणावर रंगाचं पातेलं. घाट चढायला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं जोडतात ती कर्जतलाच उभी असत, म्हणून इंजिनवाल्या गोऱ्या साहेबांची दोन-चार बिऱ्हाडं गावात होती. त्यांतल्या एका मडमेला मामा तरुणपणी अंडी पोचवायला जात. तिला विणताना बघून बघून हे बेणं विणायला शिकलं. मामा सांगत, "तिचं बोलणं मला कळंना, माझं तिला कळंना. ती हातानं दावी, मी बघी." पुरुष माणूस मांडीवर लोकर घेऊन सुया चालवतो म्हणून पेठेने आधी फार टिंगल केली. मामा एकच विचारत, "कोळी जाळं विणतो, त्याला हसता काय रं?" पुढे हसणाऱ्यांच्याच बायका त्यांच्या पडवीत येऊन बसू लागल्या.

दुपारची भांडी आटोपली की आम्ही पाच-सात जणी तिथे जमायचो. मामी दारात तांदूळ निवडत बसत, त्यामुळे आमच्या सासवांचीही हरकत नसे. लोकर विकत घ्यायची म्हणजे मामांपुढे आधी हात दाखवायचा. हाताकडे बघून ते बाईचा राग ओळखत आणि रागात असलेल्या बाईला लोकर देत नसत. रागात टाके आवळले जातात आणि शाल फळकुटासारखी होते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांनी सलग चार दिवस परत पाठवलं. पाचव्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "मामा, आता माझा राग तुमच्यावर आहे." तेव्हा कुठे त्यांनी लोकरीची लड काढून दिली.

रंगाच्या बाबतीत तर बोलायची सोय नव्हती. पळसदरीकडच्या रानातला पळस फुलला की मामा गोणी घेऊन फुलं वेचायला जात आणि आठ दिवस त्यांची बोटं पिवळी असत. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून काळा करत, मंजिष्ठा आणि तुरटी घालून लाल. रंगाला खोटं नाव दिलेलं त्यांना मुळीच खपत नसे. एकदा वाळत घातलेल्या पिवळ्या लोकरीवर इंजिनाची काजळी बसली आणि सगळी लोकर मळकट राखी झाली. एका बाईला ती भलतीच आवडली. ती म्हणाली, "मामा, हा राखाडी रंग फार छान उतरलाय." दुसरा दुकानदार असता तर गप्प राहून विकून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, "हा रंग नाय गं. हा मळ हाय." आणि बाईच्या देखत सगळी लोकर धुवायला टाकली.

असल्या माणसाला सख्ख्या बहिणीनेच कच्च्या रंगाचा म्हणावं, म्हणजे काय झालं असेल बघा. त्यांची ही एकुलती एक धाकटी बहीण खालापुरात दिलेली. तिला मुलगा झाला तेव्हा बारशाला मामांनी स्वतः रंगवलेली, स्वतः विणलेली लालभडक शाल नेली. बाळाला तिच्यात गुंडाळून आजोबांच्या मांडीवर दिलं. बाळाने बाळाचं काम केलं. आजोबा उठून उभे राहिले तो पांढरंशुभ्र धोतर लाल! बायकांना वाटलं रक्तच आलं, एकच ओरडा झाला. काय झालं ते बहिणीच्या ध्यानात आलं, आणि ती पोट धरधरून हसली. भर बारशात म्हणाली, "दादा, तुझा रंग कच्चा रं!" तिने थट्टा केली होती. मामा मात्र न जेवता उठले आणि परत खालापूरला म्हणून गेले नाहीत.

नाही कसं म्हणू? जायचं तर त्यांना दरसाल असायचं. दसरा झाला की ते बहिणीसाठी नवी लाल लोकर रंगवायला घेत आणि दिवाळीपर्यंत शाल विणून पुरी करत. भाऊबीजेला भल्या सकाळी गाडी जुंपून झाली की शालीचं टोक भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबायचं. फडक्यावर जराशी गुलाबी झाक उमटायचीच. की झालं! "कच्चा!" असं म्हणून मामा शाल बाजूला टाकत, जुंपलेली गाडी सोडायला सांगत, आणि ती शाल पेठेतल्या कुठल्यातरी मानलेल्या बहिणीच्या पदरात पडे. माझ्या तिसऱ्या दिवाळीला ती माझ्या पदरात पडली.

आता इथे मला माझंच पाप सांगायचं आहे. ती शाल मी घरी नेऊन धुतली. पहिल्या पाण्याला थोडा रंग सुटला, दुसऱ्या पाण्यापासून थेंबभर सुटला नाही. पडवीतल्या साऱ्या बायकांना हे ठाऊक होतं. मामांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! गिऱ्हाइकांना ते स्वतःच सांगत, "पहिल्या पाण्याला सुटंल, भिऊ नका." फक्त बहिणीच्या शालीला हा न्याय नव्हता. आणि आम्ही कोणी तोंड उघडत नव्हतो, कारण पुढच्या वर्षीची शाल कोणाच्या वाट्याला येते यावर आमचा डोळा असे. खोटं कशाला बोलू, मीही गप्प बसले. सुंदर होती हो ती शाल.

रुसव्याच्या आठव्या वर्षी दसऱ्याला मी माहेरी गेले होते. मामांची बहीण आमच्याच आळीत, म्हणून भेटायला गेले. ती ओट्यावर बसली होती, पण मी अगदी समोर उभी राहिले तरी तिने ओळखलं नाही. हात चाचपून म्हणाली, "कोण गं? मला आता उजेड कळतो तेवढा. मानूस कळत नाय." मी कर्जतचं नाव काढलं तशी तिने माझा हात घट्ट धरला. "दादा बरा हाय ना? त्याला नको सांगू गं माझ्या डोळ्यांचं." मग जराशाने म्हणाली, "ज्यांना भाऊ नाय त्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात ना, तशी मी दरसाल ओवाळते. औंदा चंद्र बी दिसायचा नाय."

कर्जतला परतले ती घरी न जाता तडक मामांच्या परसात गेले. ते मंजिष्ठा उकळत होते. वडील माणसापुढे आवाज चढवू नये हे मला कळत होतं, पण मला राहवलंच नाही. सगळं सांगितलं. चंद्राचंही सांगितलं. वर म्हणाले, "मामा, गिऱ्हाइकाला काय सांगता तुमी? पहिल्या पाण्याला सुटंल, भिऊ नका. मग तुमीच का भिता?" मामी तांदूळ निवडायच्या थांबल्या. मामांनी चुलीतली लाकडं ओढून विझवली. न रंगवलेली पांढरी लोकर घेऊन पडवीत बसले आणि विणायला लागले. त्या दिवसांत त्यांनी कोणाचे हात बघितले नाहीत. ज्या येतील त्यांना मामी लोकर देत होत्या.

भाऊबीजेला मामा-मामींच्या गाडीतून मीही माहेरी निघाले. बहिणीच्या दारात मामा उभे राहिले आणि नुसते खाकरले. ती ओट्यावरून चटकन उठली.

"दादा? एवढा येळ लागतो काय रं यायला?"

मामांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. तिने ती चाचपली, गालाला लावली.

"लालच हाय ना रं?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. काजळीला रंग म्हणू न देणारा तो माणूस पांढऱ्या शालीकडे बघत म्हणाला, "लालच हाय."

"पक्का?"

"पक्का गं. कितीबी धू. सुटायचा नाय."

ती हसली. मामींनी तिच्या हाताला धरून निरांजन फिरवलं. मामा मान खाली घालून पाटावर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप धोतरावर पडत होतं.

त्यानंतर दोन दिवाळ्या मामांनी खालापूर चुकवलं नाही. तिसऱ्या दिवाळीच्या आधीच त्यांची बहीण तापाने गेली. मामांनी दुकान चालवलं, पिवळा केला, काळा केला, लाल मात्र पुन्हा केला नाही. आता मामाही नाहीत. त्यांच्यासारखा भोळा आणि हट्टी माणूस मला कितीदा आठवतो, आणि आठवला की मन मागे जातं, मी आधीच बोलले असते तर त्या बहिणीने डोळे होते तेव्हा भाऊ बघितला असता. कर्जतहून खालापूर ते काय! भल्या सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं.