दोन सुयांमधलं अंतर

डायलिसिसच्या खुर्चीत बसलो की सिस्टर आधी माझ्या हातावरच्या फिस्टुलावर, त्या फुगीर शिरेवर, बोटं ठेवतात. मांडीवरच्या मांजरासारखी ती आतून गुरगुरत असते.

"नेहमीच्याच जागी टोचा, तिथे दुखत नाही," आज मी म्हणालो.

"नको काका, तिथली शीर कमकुवत होतेय. जरा वर जाऊ. आणि दोन्ही सुया एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर धुतलेलंच रक्त पुन्हा धुतलं जातं."

मशीन फिरू लागलं. मी डोळे मिटले. बायको गेल्यापासून मीही तिचा तो शेवटचा दिवसच धूत बसलोय. आता तो दुखतही नाही. आज त्या दिवसापासून जरा वर सरकलो. गच्चीवर, ओल्या केसांनी, ती कुरडया घालत होती आणि मला हाक मारत होती.

कितीतरी दिवसांनी दुखलं.