भात बंद

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी आबांच्या तोंडाचा वास घेतला. नाडी नंतर.

"किती पितोस?"

"पीत नाय साहेब. कधीच नाय."

"सगळे हेच सांगतात." मग माझ्याकडे वळून, "तू तरी खरं बोल."

आबा म्हणजे माझे वडील. वरंधजवळच्या वाडीत गवंडीकाम करतात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. ते खरंच पीत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

रक्तात साखर निघाली. आबांचं पोट दुखत होतं, पाठीत कळ जात होती, अंगातला सदरा सैल झाला होता. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवून पोट चाचपलंसुद्धा नाही.

"भात बंद. तुम्ही लोक ताटभर भात हाणता आणि मग आमच्या डोक्याला ताप."

आम्ही भात बंद केला. भातावर जगणारं घर आमचं. पण डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि आम्ही उभे होतो. खुर्ची बघून विद्या मानायची, हीच आमची जुनी खोड. सकाळी कारल्याचा रस, दोन वेळा नाचणीची अर्धी भाकरी. पहारा माझा.

"एक मूठ दे गो," आबा म्हणायचे. "हातात थापी ठरत नाय."

"नाय आबा. डॉक्टर ओरडतील."

एकदा त्यांच्या पुढ्यातलं ताट मी ओढून घेतलं. मी, शिकलेली मुलगी.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी वजन बघितलं. नऊ किलो कमी. "शाब्बास. बघ, ऐकलं की होतं." पोटातली गाठ माणूस खात होती, हे नंतर कळलं, आणि हा विद्वान शाबासकी देत होता.

डोळे पिवळे पडले तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. साखर त्या गाठीमुळेच वाढली होती, वजनही तिनेच उतरवलं होतं.

केमो झाली. गाठ हटेना. मग तिथल्या डॉक्टरांनी नवी औषधं रुग्णांवर तपासून बघणाऱ्या एका चाचणीबद्दल सांगितलं. रोगाशी लढणारे शरीराचे शिपाई या गाठीवर चालून जात नाहीत, त्यांना आवरून धरणारे लगाम असतात. एकच लगाम सैल करून या कॅन्सरमध्ये सहसा काही होत नाही, म्हणून लगाम सैल करणारी इम्युनोथेरपीची दोन औषधं एकत्र देऊन बघायचं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी नुसता कागदांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"काका, अंगठा लावा. चांगल्यासाठीच आहे."

आबा चौथी शिकलेत. सही येते. पण जन्मभर प्रत्येक टेबलावर त्यांच्यापुढे पॅडच आलं, त्यामुळे अंगठा आपोआप पुढे जातो. गेलाच.

मी मनगट धरलं.

"आधी वाचून दाखवा."

"वीस पानं आहेत. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"कळेपर्यंत सांगा."

माझा आवाज कापत होता. पण गठ्ठा मी माझ्याकडे ओढला होता. अकराव्या पानावर होतं: या औषधांनी चेतलेले शिपाई इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही उलटू शकतात.

"म्हणजे साखर आणखी वाढेल?"

"वाढू शकते. एकदम."

"आणि आम्ही तिकडे घाटाखाली, वाडीत असताना वाढली तर? फोन कोणाला करायचा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. वरिष्ठ डॉक्टर बाईंना बोलावलं. बाई तासभर बसल्या. गाठ कमी होईलच असं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

आबांनी त्यांना एकच विचारलं. "बाय, भात खाल्ला तर चालंल?"

"खायलाच हवा. साखरेसाठी इन्सुलिन देऊ. उपाशी कोणी ठेवलं तुम्हाला?"

आबा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम.

त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव. पॅड तसंच पडून राहिलं.

औषधं सुरू आहेत. साखर चढली, इन्सुलिनची सुई मीच टोचते. गाठीचं अजून काही सांगता येत नाही. आबा राहतील की नाही, माहीत नाही. महाडच्या त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात राग नाही. राग बरोबरीच्या माणसावर धरतात. ताट मी ओढलं, तो दोष मात्र माझाच आहे, माफी मागून तो मी झटकणार नाही.

यापुढे मी विचारणार. कापऱ्या आवाजात का होईना, विचारणार. ज्याला आम्हाला समजावून सांगण्यात कमीपणा वाटतो, त्याने आमच्या अंगाला हात लावायचा नाही.