सहा कळ्या आणि सहा इंच

सकाळचे सहा चाळीस. वहिनींनी कच्च्या टाक्यांनी जोडलेल्या झग्याच्या छातीभोवती टेप फिरवली, आकडा बघितला आणि टेप पुन्हा फिरवली. तीस इंच. हवेत छत्तीस.

सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते. एकोणीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. गेल्या वर्षी बंद पडणाऱ्या एका टेलरिंगच्या दुकानातून जुन्या फॅशनच्या कागदी पॅटर्नची पेटी उचलली आणि तेव्हापासून त्या पेटीच्या नादी लागल्या. बाहेरच्या माणसासाठी असा झगा त्या पहिल्यांदाच शिवत होत्या. तो आज निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालबाईंचा. कापड ग्रंथपालबाईंच्या आईनं घेऊन ठेवलेलं, निळ्यावर बारीक पांढरे ठिपके. आता तसं मिळत नाही. उरली होती मूठभर चिंधी. निरोपसमारंभ दुपारी चारला.

घोळ कुठे झाला ते लगेच कळलं. गणवेशाच्या पॅटर्नमध्ये माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, आधीच धरलेली असते. या जुन्या कागदात ती नव्हती. शिवणाऱ्यानं आपली आपण सोडायची. वहिनींनी सवयीनं कागदाच्या कडेनंच कात्री चालवली होती. झगा सहा कळ्यांचा, म्हणजे सहा उभ्या तुकड्यांचा. शिवणी सहा, दर शिवणीत एक इंच गेला.

"वन्सं, उठा. मी वाट लावून ठेवलीय."

नणंदबाई पोस्टातून निवृत्त, काज-बटणं त्यांच्याकडे. चष्मा लावून त्यांनी झगा उलटसुलट पाहिला. "छान बसेल की. ग्रंथपालबाईंच्या मांजराला."

"चेष्टा नको. त्यांना जाऊन सांगून टाकू?"

"सांग ना. पण आधी काहीतरी शिव. रिकाम्या हातानं गेलीस तर त्या रडतील, तू रडशील, आणि डोळे पुसायला ती मूठभर चिंधीच उरलीय."

वहिनी हसल्या आणि फडताळाकडे वळल्या. तिथे गणवेशाच्या कॉलरचं पांढरंशुभ्र कापड पडून होतं. त्यांनी टाके उसवले, दोन इंच रुंदीच्या सहा लांब पट्ट्या कापल्या आणि दर दोन कळ्यांच्या मध्ये एक बसवली. शिवणीत जाऊन प्रत्येक पट्टी एक इंच दिसत होती. सरळ रेषेत शिवणं तर त्यांच्या हातचा मळ. गळा आणि बाह्यांची तोंडंही पांढऱ्यानंच बांधली. साडेबाराला टेप छत्तीसवर आली.

तीनला ग्रंथपालबाई हजर. पॅटर्नच्या पाकिटावरचं चित्र त्यांना पाठ होतं.

"चित्रात या पट्ट्या नाहीत."

"नाहीत. माया सोडायला विसरले. चूक माझी."

नणंदबाई उगीचच बटणं मोजू लागल्या. ग्रंथपालबाई झगा घेऊन पडद्याआड गेल्या. मग एकदम: "अहो वहिनी, याला खिसा आहे!"

"दोन आहेत."

दोन्ही खिशांत हात घालून त्या बाहेर आल्या आणि आरशासमोर गर्रकन फिरल्या. "मी आख्ख्या शब्दकोशाची पानं बाइंडरकडून उलटी शिवून घेतली होती एकदा. सहा इंचांचं काय घेऊन बसलात!" अंगावरचे कपडे पिशवीत कोंबून त्या झगा घालूनच समारंभाला निघाल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. ग्रंथपालबाईंच्या धाकट्या बहिणीला तस्साच हवा होता, पट्ट्यांसकट.

"पट्ट्यांचे पैसे जादा घे," नणंदबाई म्हणाल्या.

वहिनींचं दुकान उद्या नेहमीप्रमाणे साडेनऊला उघडेल. पहिलं माप या बहिणीचं. तिची उंची पाच फूट दहा इंच आहे, आणि उभ्या पट्ट्यांनी झगा लांब होत नाही.